स्मृतिभ्रंशाच्या निदानानंतर : सिंधुदुर्गातील कुटुंबांना जाहीर आवाहन

स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, हा म्हातारचळ नव्हे. तो मेंदूचा आजार आहे. अल्झायमर हे त्याचे सर्वांत जास्त आढळणारे कारण. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या शंभर जणांत सुमारे सात जणांना तो आहे.

निदान ऐकल्यावर पहिला प्रश्न असा विचारावा : बरे होण्यासारखे कारण तपासून झाले का? थायरॉइडची किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, न्हाणीघरात पडल्यावर डोक्यात हळूहळू साकळलेले रक्त, यांनीही विस्मरण होते आणि त्यांवर उपचार आहेत. रक्ततपासणी आणि मेंदूचे स्कॅन त्यासाठीच असते.

त्यानंतर एकच डॉक्टर धरावा. आज बांबोळी, पुढच्या महिन्यात बेळगाव, मग कोल्हापूर आणि शेवटी मुंबई, अशा फेऱ्यांत रुग्ण थकतो आणि प्रत्येक ठिकाणच्या गोळ्या एकावर एक चढत जातात. दुसरे मत एकदा जरूर घ्यावे, तेही सर्व कागदांची एकच फाइल सोबत ठेवून. नियमित तपासणी मात्र जवळच व्हावी. ओरोसचे जिल्हा रुग्णालय त्यासाठी आहे. देवाला गाऱ्हाणे घालण्यास हरकत नाही, पण कौल मिळाला म्हणून गोळ्या बंद करू नयेत.

डॉक्टरांकडे सोबत कोण जाते यावर बरेच अवलंबून असते. चतुर्थीला आलेला चाकरमानी मुलगा दोन दिवसांत जे पाहतो, त्यावरून औषध ठरवू नये. रुग्णाला रोज न्हाऊ-जेवू घालणारी सून किंवा मुलगी आत गेली पाहिजे आणि डॉक्टरांशी बोलणेही तिनेच केले पाहिजे. पैसे देणाऱ्याने फोनवर ऐकावे. झोप, जेवण, पडणे, रागाचे प्रसंग आणि त्यांची वेळ तिने वहीत टिपून ठेवावी. रुग्णासमोर बोलता येत नाही ते चिठ्ठीवर लिहून द्यावे. रुग्णालाही विचारावे : त्याला कळते तोवर त्याच्या उपचाराचा निर्णय त्याला वगळून घेणे अन्यायाचे आहे.

डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन ही औषधे आजार बरा करत नाहीत. काही रुग्णांत काही काळ लक्षणे सावरतात. पहिल्या दोन औषधांनी मळमळते आणि नाडी मंदावू शकते, म्हणून हृदयविकार असल्यास आधीच सांगावे. काही महिन्यांनी फरक दिसतो का, हे विचारून औषध चालू ठेवायचे की थांबवायचे ते ठरवावे. लेकॅनेमॅबसारखी नवी इंजेक्शने फक्त अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहेत. त्यांत मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून वारंवार एमआरआय करावा लागतो.

सर्वांत जपून घ्यायचा निर्णय म्हणजे शांत करणारी गोळी. मनोविकारावरच्या या औषधांनी वृद्ध स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. माणूस एक-दोन दिवसांत अचानक बदलला, तर आधी लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, दुखणे किंवा पाणी कमी पडणे यांचा शोध घ्यावा. दुकानातून आणलेल्या सर्दीच्या गोळीनेही गोंधळ वाढतो. काढा असो की झोपेची गोळी, डॉक्टरांपासून काही लपवू नये.

गोव्यात झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्या घरोघरी जात, काळजी घेणाऱ्यांना समजावत आणि धीर देत. त्यामुळे त्या घरच्यांचा मानसिक ताण घटला. असा आधार वाडीतले शेजारीही देऊ शकतात : दुपारी दोन तास रुग्णाजवळ बसावे, उघड्या विहिरीला कठडा बांधायला मदत करावी, एकटा किनाऱ्याकडे किंवा वहाळाकडे निघालेला वृद्ध दिसला तर न ओरडता घरी आणावा. खचलेल्या घरच्यांसाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

सामाईक सातबारा, बँक आणि मृत्युपत्राची बोलणी निदानानंतर लगेच व्हावीत. समजण्याची क्षमता गेल्यावर साधे मुखत्यारपत्र कायद्याने टिकत नाही. मृत्युपत्र करताना रुग्णाला त्याचा अर्थ कळतो, असा डॉक्टरांचा त्याच दिवसाचा दाखला सोबत जोडावा.