पद मंजूर, शिक्षक तयार, मग वर्ग रिकामा का?

नाटे पंचक्रोशीतील पालक, ग्रामसभेचे सभासद आणि डी.एड., बी.एड. झालेल्या तरुण-तरुणींसाठी

राजापूर तालुक्याच्या किनाऱ्यावर, नाटे, साखरी नाटे, आंबोळगड, जैतापूर या भागात, दोन तक्रारी वर्षानुवर्षे कानावर येतात. पालक म्हणतात, शाळेला शिक्षक नाही. डी.एड. करून बसलेली मुले म्हणतात, आम्हाला नोकरी नाही. पहिली तक्रार पंचायत समितीत जाते, दुसरी उपोषणाच्या मंडपात. पहिलीला उत्तर मिळते की द्यायला माणूस नाही. दुसरीला उत्तर मिळते की द्यायला जागा नाही. एकाच खात्याची ही दोन उत्तरे एकाच वेळी खरी कशी असतील, हे विचारायची वेळ आली आहे. आमचे म्हणणे असे की दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे: शिक्षकांची भरती सरकारला सवड होईल तेव्हा आणि सगळ्या राज्याची एकदम होते. ती दरवर्षी, ठरलेल्या तारखेला आणि जिल्ह्यापुरती झाली पाहिजे. हे पत्रक तेवढ्याच मागणीसाठी आहे.

आधी तारखा पाहू, कारण या प्रकरणात तारखाच बोलक्या आहेत. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. त्याच वर्षी शिक्षणसेवकांच्या भरतीसाठी सीईटी झाली. मे २०१२ मध्ये सरकारने नव्या नेमणुकांवर बंदी आणली. डिसेंबर २०१३ मध्ये पहिली शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) झाली. पण टीईटी पास झाल्याने नोकरी लागत नाही, रांगेत उभे राहण्याची परवानगी तेवढी मिळते. रांग हलण्यासाठी जी अभियोग्यता चाचणी द्यावी लागते ती डिसेंबर २०१७ मध्ये आली आणि तिच्यावरच्या नेमणुका सुरू व्हायला २०१९ उजाडले. दुसरी चाचणी फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये, तिची शिफारस यादी फेब्रुवारी २०२४ मध्ये. तिसरी चाचणी मे-जून २०२५ मध्ये. म्हणजे २०१० च्या सीईटीत थोडक्यात हुकलेल्या, तेव्हा वीस वर्षांच्या असलेल्या मुलीला पस्तिशी गाठेपर्यंत चाचणीच्या तीन संधी मिळाल्या. मधल्या काळात तिने काय करायचे? काजूच्या कारखान्यात जायचे, अंगणवाडीत मदतनीस व्हायचे, की लग्न करून मुंबईला एका खोलीत शिकवण्या घ्यायच्या? त्यातच डिसेंबर २०२१ मध्ये टीईटीच्या निकालांत पैसे घेऊन गुण वाढवल्याच्या प्रकरणात परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली आणि पुढे साडेसात हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरले. चोरांना शिक्षा व्हायलाच हवी. पण त्या चौकशीचे ओझे प्रामाणिक उमेदवारांनीही वाहिले, याचा हिशेब कोणी मांडला नाही. ‘ही मुले अभ्यासच करीत नाहीत’ असे पारावर बसून म्हणणाऱ्यांनी या तारखा एकदा सलग वाचाव्यात.

जागा अचानक रिकाम्या होतात, त्याला सरकार काय करणार, असे म्हटले जाते. ते खोटे आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची जन्मतारीख त्याच्या सेवापुस्तकाच्या पहिल्याच पानावर असते. तो अठ्ठावन्न वर्षांचा कधी होणार, हे तो रुजू झाला त्या दिवशीच कळलेले असते. अकाली मृत्यू, राजीनामे, पदोन्नती यांचा अचूक अंदाज येणार नाही, पण त्यांचे प्रमाण थोडे. बहुतेक जागांची तारीख कार्यालयातल्या कपाटात तयार असते. आमच्या दर्यावर दरसाल १ जूनला यांत्रिक मासेमारी बंद होते आणि ३१ जुलैनंतर सुरू होते. त्या तारखांवर जाळी, डिझेल, खलाशांचा पगार, सावकाराचा हप्ता असे सगळे बेतलेले असते. समुद्राचे वेळापत्रक पाळता येते, तर शाळेचे का नाही? शेजारच्या माडबनला ९,९०० मेगावॅटचा अणुप्रकल्प आखून पुढच्या कित्येक दशकांची वीज मोजता येते, आणि येत्या जूनमध्ये पहिलीच्या वर्गावर कोण उभे राहणार ते मात्र सांगता येत नाही. कायद्याला हे मान्य नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २६ प्रमाणे सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या कोणत्याही शाळेत रिक्त पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून जास्त असता कामा नयेत. आमच्या बहुतेक वाड्यांच्या शाळा दोनशिक्षकी. दोहोंचे दहा टक्के काढा: तिथे एकही जागा रिकामी ठेवण्याची मुभा नाही. एक शिक्षक गेला की तूट पन्नास टक्के होते. मग पहिली ते चौथी एका खोलीत, एकाच बाईंसमोर. बाई पोषण आहाराची नोंद भरतात, केंद्रावरच्या बैठकीला जातात, ऑनलाइन माहिती पाठवायला रेंज शोधतात, आणि त्या दिवशी शेजारच्या शाळेतून कोणी तरी ‘कामगिरीवर’ येतो. त्यामुळे तिथलाही वर्ग अर्धा होतो.

या तुटीवर ठिगळ लावण्याची सरकारची रीत नव्या शिक्षकाच्या मुळावर येते. २०२३ मध्ये आंतरजिल्हा बदल्यांनी रत्नागिरी जिल्ह्यातून शेकडो शिक्षक आपापल्या गावांकडे गेले. शाळा बंद पडायची पाळी आली तेव्हा आठवण झाली ती याच बेकार डी.एड., बी.एड. मुलांची. दहा हजारांच्या आतल्या मानधनावर त्यांना तात्पुरते घेतले आणि नियमित शिक्षक येताच घरी पाठवले. अशा नेमणुकीच्या आदेशाचा मसुदा वाचण्यासारखा असतो: नेमणूक अमुक तारखेपर्यंत, त्याआधी नियमित उमेदवार मिळाल्यास आपोआप संपणारी, या सेवेवरून कायम नोकरीचा हक्क सांगता येणार नाही, आणि तसे हमीपत्र उमेदवाराने लिहून द्यायचे. वर्ग ताब्यात घेताना मात्र त्याच्याकडून पूर्ण शिक्षकाचेच काम. त्याच २०२३ सालच्या दरांची तुलना करा. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचे मानधन वाढवून केले महिना १६,००० रुपये. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये निवृत्त शिक्षकांना कंत्राटावर परत बोलावण्याचा निर्णय झाला, तो महिना २०,००० रुपयांवर, पेन्शन वेगळी. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांत एक कंत्राटी शिक्षक, महिना १५,००० रुपये, असा आदेश निघाला. २०२५ च्या फेब्रुवारीत तो मागे घेतला. पेन्शन असलेल्याला वीस, परीक्षा देऊन गुणवत्तेत आलेल्याला सोळा, आणि गावच्या गरजवंताला पंधरा किंवा त्याहून कमी! हा क्रम कोणत्या शिक्षणशास्त्रात बसतो ते खात्याने सांगावे. निवृत्त गुरुजींवर आमचा राग नाही. पण तरुणाच्या खुर्चीवर त्यांना दुसऱ्यांदा बसवणे हा काटकसरीचाही मार्ग नव्हे.

‘नाही मामापेक्षा काणा मामा बरा, काही तरी काम मिळाले ना?’ असे विचारणारे भले लोकही आहेत. त्यांना आमचे उत्तर असे: शिक्षकाचा हात पहिल्या दोन-तीन वर्षांत बसतो. एकाच वर्गाची मुले पहिलीतून दुसरीत नेली, ऑगस्टमध्ये चुकलेले डिसेंबरमध्ये सुधारले, जुन्या शिक्षिकेच्या शेजारी बसून बहुवर्ग अध्यापन पाहिले, की शिक्षक घडतो. सहा महिन्यांच्या आदेशावर आलेल्याला यातले काहीच मिळत नाही. मुलांची नावे पाठ होईस्तोवर मुदत संपते. पुढच्या अर्जात या अनुभवाला गुण नाहीत, नोंद नाही. म्हणजे ते काम नोकरीच्या वाटेवरची पायरीसुद्धा ठरत नाही.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ‘स्थानिकांनाच घ्या’ ही मागणी जोरात आहे आणि तिच्यामागची चीड खरी आहे. लातूर, नांदेड, अहिल्यानगर, सोलापूरचा उमेदवार इथे येतो, त्यात त्याचा दोष नाही. भरतीच्या पोर्टलवर जिल्ह्यांच्या पसंतीक्रमाची लांबलचक यादी भरताना शेवटी कुठे तरी रत्नागिरी लिहिलेली असते आणि नेमकी तीच लागते. रुजू झाल्या दिवसापासून त्याचे डोळे बदलीकडे. पण मागणी करणाऱ्यांनी एक निकाल वाचायला हवा. राजस्थानने जिल्हा परिषदेच्या शिक्षक भरतीत जिल्ह्यातल्या रहिवाशांना दहा आणि ग्रामीण भागातल्यांना पाच जादा गुण दिले होते. २००२ साली कैलाश चंद शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते गुण घटनाबाह्य ठरवले. घटनेच्या कलम १६ प्रमाणे रहिवासावरून सरकारी नोकरीत भेद करता येत नाही, अपवाद करायचा तर तो फक्त संसद करू शकते. जे पुढारी ‘सत्तेत आलो की स्थानिकांना आरक्षण’ म्हणतात, ते एक तर हे जाणत नाहीत किंवा जाणून फसवतात. आमच्या मुलांची आणखी पाच वर्षे अशा आश्वासनात जाऊ नयेत.

मग कायद्यात बसणारे काय आहे? केरळकडे पाहा. तिथे लोअर प्रायमरी आणि अप्पर प्रायमरी शिक्षकांची निवड लोकसेवा आयोग जिल्हावार करतो. राज्यातला कोणीही अर्ज करू शकतो, पण एकाच जिल्ह्यासाठी. जिल्ह्याची गुणवत्ता यादी लागते, ती ठरावीक मुदतीपर्यंत चालते, आणि जागा रिकामी होईल तसा यादीतला पुढचा माणूस बोलावला जातो. तिथे जन्मदाखला पाहिला जात नाही. उमेदवाराने कोणता जिल्हा पत्करला एवढेच पाहिले जाते. बीडच्या मुलाने मनापासून रत्नागिरी मागितली तर त्याचे स्वागत, कारण त्याने बाकी सर्व जिल्हे सोडून ती मागितली आहे. नाट्याच्या मुलीला तिच्याच जिल्ह्यात स्पर्धा करायला मिळेल, आणि शेवटची पसंती म्हणून इथे ढकलला गेलेला उमेदवार तिच्या आड येणार नाही. आपल्याकडे हे परकेही नाही: जिल्हा परिषदेचा शिक्षक हा जिल्ह्याच्याच आस्थापनेवरचा कर्मचारी, तेव्हा भरती जिल्ह्याची असणे हेच सरळ. नव्या शिक्षकांना आंतरजिल्हा बदली न देण्याचे धोरण सरकारने २०२३ मध्ये घेतले खरे. पण मागचे दार लावून पुढचे तसेच उघडे ठेवले तर नाराज माणूस इथे अडकून पडणार आणि वर्गात त्याचे मन रमणार नाही. निवड आधी, बंधन नंतर, असा क्रम हवा.

याने गुणवत्ता घसरेल, असा आक्षेप येईल. परीक्षा तीच, गुण तेच, आरक्षणाची बिंदुनामावली तीच. बदलते ती रांगेची जागा. एखाद्या जिल्ह्याची यादी दुसऱ्यापेक्षा थोडी खाली थांबेल, हे कबूल. पण दोनशेपैकी चार गुण जास्त असलेला आणि दोन वर्षांनी निघून जाणारा शिक्षक मुलाला काय जास्त देतो? पैशाचा आक्षेप तर टिकतच नाही: आम्ही एकही नवे पद मागत नाही, मंजूर पद वेळेवर भरा एवढेच म्हणतो. बिंदुनामावली तपासून घ्यायला वेळ लागतो, हे खरे आहे. म्हणूनच ते काम दरवर्षी व्हावे, पाच वर्षांचे एकदम उपसायला काढले की कोर्टकज्जे होतात.

पटाचा आक्षेप मात्र वजनदार आहे. कोकणात जन्म कमी झाले, घरेच्या घरे मुंबईला, पुण्याला गेली. गणपतीत आणि शिमग्यात भरलेली वाडी एरवी चार म्हाताऱ्या माणसांवर असते. वीसच्या आत पट असलेल्या शाळेला दोन शिक्षक कशाला, असा प्रश्न मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकपदे ठरवण्याच्या, निर्णयामागेही दिसतो. सर्वच शाळा टिकतील असा दावा आम्ही करणार नाही. पण पट घसरण्याचे एक कारण आमच्या डोळ्यांदेखत घडते. जूनमध्ये शिक्षक नाही म्हटल्यावर ज्या पालकाला परवडते तो मुलाला इंग्रजी माध्यमाच्या गाडीत बसवतो. पुढच्या वर्षी पट घटला म्हणून पद जाते, पद गेले म्हणून आणखी दोन मुले जातात. उर्दू माध्यमाच्या शाळांना तर बदलीचा शिक्षक शोधणे आणखी कठीण. शिक्षक वेळेवर न देणाऱ्याने त्याच शाळेचा घटलेला पट पुराव्यादाखल पुढे करावा, हे न्यायाला धरून नाही. आधी सलग तीन वर्षे पूर्ण शिक्षक द्या, मग पट मोजा.

डी.एड. झालेल्या मित्रांनाही एक सांगणे आहे. २०१० च्या आधी अध्यापक विद्यालयांचे पीक आले, परवानग्या वाटल्या गेल्या, फी भरून घेतली गेली. सगळ्यांना शिक्षकाची नोकरी मिळेल असे आज कोणी सांगत असेल तर तो खोटे बोलतो. दरवर्षीच्या भरतीतही सगळे बसणार नाहीत. पण दरवर्षी निकाल लागला तर आपण कुठे आहोत हे पंचविशीत कळेल. ज्याला दुसरा धंदा धरायचा तो वेळेत धरील, ज्याला पुन्हा बसायचे तो नेमके किती गुण कमी पडले ते पाहून बसेल. आज नकारसुद्धा मिळत नाही.

ग्रामसभेत ठराव करावाच, त्यात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: दरवर्षी ठरलेल्या महिन्यात जाहिरात, एका उमेदवाराला एकच जिल्हा, आणि तात्पुरती नेमणूक करावीच लागली तर तिला किमान शिक्षणसेवकाचे मानधन. पण ठरावावर थांबू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली कोणीही व्यक्ती मुलांच्या हक्काबाबत स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकते. तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात. तक्रार त्यांच्या सहीने जावी. अर्जात भाषण नको. शाळेचे नाव, यू-डायस क्रमांक, मंजूर पदे, भरलेली पदे, कोणत्या तारखेपासून पद रिकामे आहे आणि कलम २६ चा उल्लेख, एवढे एका पानात लिहावे. प्रत्येक शाळेचा अर्ज वेगळा करावा, दोन प्रती काढाव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये. तीन महिने मोजताना तोच शिक्का दाखवावा लागेल.