एक पाव, थोडा पाव

फ्रेंच शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला क्रियापदांच्या रूपांचे भय वाटते. पण त्याची वाट खरी अडवितो तो नामाच्या उंबरठ्यावर उभा असलेला एक चिमुकला शब्द. त्यास व्याकरणात उपपद म्हणतात. मराठीत अशी स्वतंत्र उपपदे नसल्याने ती कशासाठी हवीत, हे आपल्या ध्यानी येत नाही. अन्नपानाची नावे शिकताना मात्र त्यांचे मर्म उत्तम कळते.

प्रथम आपल्या घरातील बोलणे पाहू. 'मला चहा आवडतो', 'दोन चहा सांगा' आणि 'मी चहा घेतला' या तीन वाक्यांतील चहा एकाच अर्थाचा नाही. पहिल्यात चहा नावाची सगळी जात अभिप्रेत आहे, दुसऱ्यात मोजलेले कप, आणि तिसऱ्यात त्या जातीचा काही अंश. मराठी हा भेद ऐकणाऱ्याच्या समजुतीवर सोपविते. फ्रेंच भाषा तो दर वेळी उच्चारून दाखविते.

कॉफीचे उदाहरण घ्या. 'जेम ल काफे' म्हणजे मला कॉफी आवडते. येथे 'ल' सगळ्या जातीचा निर्देश करतो. 'अँ काफे' म्हणजे एक कप कॉफी. 'ज ब्वा द्यू काफे' म्हणजे मी कॉफी पितो. यातील 'द्यू' हे अंशवाचक उपपद. नाम स्त्रीलिंगी असेल तर 'द्यू'च्या जागी 'द ला' येते, जसे मांसासाठी 'द ला व्याँद'. नामाचा आरंभ स्वराने होत असेल तर उपपदातील स्वर लोपतो आणि पाण्याचे 'द लो' होते. (देवनागरीतील हे उच्चार जवळचेच समजावेत, अचूक उच्चार कानांनीच शिकावयाचे.)

'द्यू' म्हणजे 'थोडे' असे पुष्कळ जण पाठ करतात. ते पुरते बरोबर नाही. वाटीभर असो की पातेलेभर, वस्तू मोजलेली नाही एवढेच ते सांगते. म्हणून 'द्यू पुले' म्हटल्यास पानात कोंबडीचे मांस येईल. 'अँ पुले' म्हटल्यास अख्खी कोंबडी. पावाला 'द्यू पँ' म्हणतात, पण लांबट बागेत मोजून घ्यावयाची तर 'यून बागेत'. याच बागेतची कारागिरी आणि तिच्याभोवतीची संस्कृती यांची नोंद युनेस्कोने 2022 साली मानवजातीच्या अमूर्त वारशात केली.

हे मर्म कळले की पुढचे नियम रुक्ष राहत नाहीत. 'मी कॉफी पीत नाही' म्हणताना 'द्यू' आक्रसून नुसता 'द' उरतो : 'ज न ब्वा पा द काफे'. जे घेतलेच नाही त्याचा अंश कोठून दाखविणार? तसेच 'अँ किलो द री' म्हणजे किलोभर तांदूळ; माप किलोने सांगितल्यावर अंशवाचकाचे काम संपले. परंतु 'मला कॉफी आवडत नाही' या वाक्यात 'ल' जागचा हलत नाही, कारण नावड सगळ्या जातीचीच आहे.

आता लिंगाविषयी. मराठी माणसाला निर्जीव वस्तूंना लिंग असते याचे नवल वाटत नाही, ही आपली जमेची बाजू. पण आपले लिंग तेथे लावून चालत नाही. साखर येथे स्त्रीलिंगी, तेथे पुल्लिंगी. पाणी येथे नपुंसकलिंगी, तेथे स्त्रीलिंगी. दूध आणि मीठ ही आपली नपुंसकलिंगी नामे तेथे पुल्लिंगी. पाव तेवढा दोन्हीकडे पुल्लिंगी, आणि तो तर नात्यातलाच : पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेला 'पाव' आणि फ्रेंच 'पँ' ही दोन्ही लॅटिन 'पानिस'ची लेकरे.

लिंग चुकले तर अर्थही बदलू शकतो. 'यून लीव्र' म्हणजे बाजारात अर्धा किलो, आणि 'अँ लीव्र' म्हणजे पुस्तक! उच्चारातही सावधगिरी हवी. 'प्वासों' म्हणजे मासा. त्यातील 'स'चा 'झ' झाला की 'प्वाझों', म्हणजे विष.

तेव्हा विद्यार्थ्यांनी वहीत सुटे नाम कधी लिहू नये. 'पँ' न लिहिता 'ल पँ' लिहावे, 'काँफित्यूर' न लिहिता 'ला काँफित्यूर', म्हणजे मुरंबा. पाण्याच्या 'लो'सारख्या शब्दात स्वरलोपामुळे लिंग झाकले जाते, तेथे ते शेजारी नोंदवावे. नंतर प्रत्येक नाम तीन वाक्यांत फिरवावे : मला आवडते, मी घेतो, मी घेत नाही. शंभर सुट्या शब्दांच्या घोकंपट्टीपेक्षा असे वीस शब्द अधिक उपयोगी पडतील. स्वयंपाकघरातील फळीवरचे डबे पाहत हा अभ्यास घरबसल्या होऊ शकतो.

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपण म्हणतो. फ्रेंच बोलणाऱ्याची परीक्षाही अशीच होते. तेथले शीत म्हणजे हे इवलेसे उपपद.