विश्लेषण : किरणोत्सर्गाचा आकडा खरा कशावरून? परंड्याच्या बोअरपासून तारापूरपर्यंत मोजणीची गोष्ट

परंडा तालुक्यात अणुभट्टी नाही. राज्यातील एकमेव अणुवीज केंद्र पालघर जिल्ह्यात तारापूरला, म्हणजे परंड्यापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही किरणोत्सर्गाची मोजणी हा विषय परंडेकरांचाही आहे, कारण बोअरचे पाणी, दवाखान्यातला एक्स-रे आणि भंगारातून वितळवलेले लोखंड या तिन्ही गोष्टी त्यांच्या रोजच्या जगण्यात आहेत. सरकारी यंत्रणा अशा मोजणीचा आकडा जाहीर करते तेव्हा तो 'मर्यादेत' आहे, एवढेच सांगितले जाते. तो आकडा बरोबर आहे हे कोणी आणि कसे तपासले, हे मात्र सांगितले जात नाही. खरा प्रश्न तिथेच आहे.

किरणोत्सर्ग परंड्यात येतो कुठून?

किरणोत्सर्ग सगळीकडेच असतो. जमिनीतील युरेनियम, थोरियम व पोटॅशियम, हवेतील रेडॉन वायू, आकाशातून येणारे वैश्विक किरण आणि अन्न यांतून जगभरातील माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट इतकी नैसर्गिक मात्रा मिळते. मराठवाड्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. या खडकात युरेनियम व थोरियम कमी असते, ग्रॅनाइटमध्ये तुलनेने जास्त. केरळच्या चवरा-नीणदकरा किनाऱ्यावर मोनाझाइटयुक्त वाळूमुळे हे प्रमाण कितीतरी पट वाढते.

त्यामुळे परंड्यात काळजीचे कारण कमी, असा अंदाज बांधता येतो. पण अंदाज म्हणजे मोजणी नव्हे. बोअर जितकी खोल जाते तितके पाणी अधिक काळ खडकाच्या संपर्कात राहिलेले असण्याची शक्यता वाढते, आणि दुष्काळी तालुक्यात बोअर खोलच जात असते. गावातील जलसुरक्षक पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतात, तेव्हा प्रामुख्याने क्षार, नायट्रेट, फ्लोराइड आणि जिवाणू पाहिले जातात. युरेनियमसाठी वेगळे उपकरण आणि वेगळी काळजी लागते. पाण्यातील युरेनियमचा मुख्य धोका मूत्रपिंडाला असतो आणि तो किरणांपेक्षा त्याच्या रासायनिक गुणधर्मामुळे असतो. जागतिक आरोग्य संघटनेने लिटरला ३० मायक्रोग्रॅमची मार्गदर्शक मर्यादा दिली आहे. भारताच्या अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणोत्सर्गाच्या दृष्टीने ६० मायक्रोग्रॅमची मर्यादा धरली होती. म्हणजे एकच पाणी एका मोजपट्टीवर नापास आणि दुसऱ्या मोजपट्टीवर पास होऊ शकते.

आकडा चुकतो कुठे?

गुणवत्ता हमी हा शब्द कागदी वाटतो, पण त्याचा अर्थ साधा आहे. किराणा दुकानातील तराजूवर वैधमापन विभागाचा शिक्का असतो, तसा शिक्का मोजणीच्या प्रत्येक टप्प्यावर हवा.

पहिला टप्पा नमुन्याचा. बाटली स्वच्छ नसेल, चिठ्ठीवर बोअरचे नाव चुकले असेल किंवा युरेनियमसाठीच्या नमुन्यात वेळेवर आम्ल टाकले नसेल, तर धातूचा काही अंश बाटलीच्या भिंतीला चिकटतो आणि आकडा खोटाच कमी येतो. पुढे कितीही महागडे यंत्र असले तरी ही चूक दुरुस्त होत नाही.

दुसरा टप्पा यंत्राचा. ज्याची मात्रा आधीच ठाऊक आहे अशा प्रमाण स्रोतासमोर यंत्र ठेवून ते बरोबर दाखवते का, हे ठरावीक काळाने पाहावे लागते. यालाच अंशांकन म्हणतात. यंत्र योग्य प्रकारचे असणेही तितकेच महत्त्वाचे. ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त गायगर काउंटरने मोबाइल टॉवरच्या लहरी मोजता येत नाहीत, कारण तो किरणोत्सर्ग वेगळ्या जातीचा आहे. अशा यंत्राने दाखवलेल्या 'सुरक्षित' आकड्याला काहीच अर्थ नसतो.

तिसरा टप्पा ताळ्याचा. चांगली प्रयोगशाळा नमुन्यांसोबत शुद्ध पाण्याची बाटली तपासते. त्यात युरेनियम दिसले तर प्रयोगशाळेतच कुठेतरी मिसळ झालेली असते. एकाच बोअरचे दोन नमुने वेगवेगळ्या क्रमांकाने पाठवले तर दोन्हींचे उत्तर जवळपास सारखे यायला हवे. बाहेरची संस्था उत्तर न सांगता नमुना पाठवते आणि मग प्रयोगशाळेचा निकाल पडताळते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या 'अल्मेरा' या १९९५ पासूनच्या जाळ्यातील प्रयोगशाळांची अशीच परीक्षा घेतली जाते.

'आढळले नाही' म्हणजे शून्य का?

नाही. प्रत्येक यंत्राची एक किमान सीमा असते आणि त्याखालचे त्याला दिसत नाही. अहवालात 'आढळले नाही' असे असेल तर किती सूक्ष्म प्रमाणापर्यंत पाहिले, हेही लिहिलेले असायला हवे. अन्यथा जाड्या चाळणीतून पीठ चाळून 'खडा नाही' म्हणण्यासारखे होते.

किरणोत्सर्ग मोजताना आणखी एक अडचण येते. अणूंचे विघटन ठेक्यात होत नाही, ते यादृच्छिक असते. यंत्राने १०० नोंदी मोजल्या तर त्यात साधारण १० ची, म्हणजे १० टक्क्यांची अनिश्चितता असते. १० हजार नोंदी मोजल्या तर ती एक टक्क्यावर येते. घाईत पाच मिनिटे मोजून दिलेला आकडा आणि रात्रभर मोजून दिलेला आकडा कागदावर सारखाच दिसतो, पण दोघांची लायकी सारखी नसते.

समजा, एका बोअरच्या पाण्यात २८ मायक्रोग्रॅम युरेनियम निघाले आणि अनिश्चितता चार मायक्रोग्रॅमची आहे. खरा आकडा २४ असू शकतो आणि ३२ सुद्धा. पहिल्या शक्यतेत पाणी मर्यादेत बसते, दुसऱ्या शक्यतेत बसत नाही. अशा वेळी बोअर बंद केली आणि आकडा चुकीचा निघाला, तर ऐन उन्हाळ्यात गावातील बायाबापड्यांना विनाकारण टँकरच्या रांगेत उभे राहावे लागेल. बोअर चालू ठेवली आणि चूक उलट्या दिशेने निघाली, तर तेच पाणी मुले वर्षानुवर्षे पीत राहतील. गुणवत्ता हमीचा खर्च मोजताना या दोन्ही चुकांची किंमतही धरायला हवी.

मोठ्या यंत्रणाही चुकतात का?

अमेरिकेचे उदाहरण बोलके आहे. तिथे पर्यावरण संरक्षण संस्थेचे 'रॅडनेट' हे किरणोत्सर्ग मोजणीचे देशव्यापी जाळे आहे. मार्च २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमाची दुर्घटना घडली तेव्हा या जाळ्यातील १२४ स्थिर केंद्रांपैकी २५ बंद होती, म्हणजे पाचातले एक. ही बाब याच संस्थेच्या महानिरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात नोंदवली आणि तो अहवाल सर्वांसाठी खुला आहे. यंत्रे बंद होती ही नामुष्की खरी. पण ती शोधून जाहीर करणारी व्यवस्था होती, म्हणून ती दुरुस्त करण्याची मागणी तरी करता आली.

दुसरे उदाहरण घरचे आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये फ्रान्समधील एका कारखान्यात लिफ्टच्या बटणांमध्ये कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ आढळला. तिथल्या सुमारे २० कामगारांना किरणोत्सर्ग झाल्याचे फ्रान्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेने सांगितले. बटणांचे पोलाद भारतातून गेले होते आणि माग काढता काढता तपास खोपोलीतील ओतशाळेपर्यंत पोहोचला. भंगारासोबत किरणोत्सर्गी स्रोत वितळला गेला होता. तो माल देशाच्या हद्दीतून बाहेर पडेपर्यंत कोणाच्याही लक्षात आला नाही. पुढे एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० मुळे एका कामगाराचा जीवच गेला.

महाराष्ट्रात मोजणी कोण करते?

अणुवीज केंद्राच्या परिसरात पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते. केंद्र सुरू होण्याआधीचा नैसर्गिक किरणोत्सर्ग मोजून ठेवणे आणि नंतर पाणी, माती, दूध, मासे, भाजीपाला यांचे नमुने नियमित तपासणे हे तिचे काम. या प्रयोगशाळा भाभा अणुसंशोधन केंद्र चालवते. देशभर पसरलेले पर्यावरणीय किरणोत्सर्ग मोजणीचे जाळेही याच केंद्राचे आहे. नियामक मंडळाच्या वार्षिक अहवालांनुसार अणुवीज केंद्रांच्या परिसरातील जनतेला मिळणारी मात्रा वर्षाला एक मिलिसिव्हर्ट या मर्यादेच्या बरीच खाली आहे.

या शास्त्रज्ञांच्या क्षमतेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मुद्दा रचनेचा आहे. वीज केंद्र चालवणारे महामंडळ आणि मोजणी करणारे केंद्र दोन्ही अणुऊर्जा विभागाच्याच छत्राखाली आहेत. बारावीचा पेपर ज्या शाळेत लिहिला जातो त्याच शाळेत तो तपासायचा नसतो, आणि यात त्या शिक्षकांचा अपमानही नसतो.

राज्यांची बाजू तर अधिकच लंगडी राहिली आहे. देशातील ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे यंत्रांपैकी ५२,१७३ यंत्रे, म्हणजे सुमारे ९१ टक्के, नियामक मंडळाकडे नोंदलेलीच नव्हती, असे 'कॅग'ने २०१२ च्या अहवालात दाखवून दिले. एक्स-रेवर देखरेखीसाठी प्रत्येक राज्यात किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालय अपेक्षित होते, पण बहुतेक राज्यांनी ते स्थापनच केले नव्हते. त्यानंतर ऑनलाइन नोंदणी आली आणि चित्र सुधारू लागले. तरी माणसाला मिळणाऱ्या मानवनिर्मित किरणोत्सर्गाचा सर्वात मोठा वाटा वैद्यकीय तपासण्यांचा असताना राज्याने याकडे केंद्राचा विषय म्हणून पाहणे परवडणारे नाही.

परंड्याकडून राज्याने काय शिकावे?

विश्वासार्ह मोजणी ग्रामीण भागात होऊ शकते का, याचे उत्तर परंडा तालुक्याने केव्हाच दिले आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या कार्यक्षेत्रात बार्शीसोबत परंडा आणि भूम हे तालुके आहेत. रुग्ण दवाखान्यात येईल तेव्हा नोंद करू, असे म्हणून हे काम झाले नसते, कारण खेड्यातील कित्येक रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचतच नसत. म्हणून कर्मचारी गावोगाव फिरले, लोकांना लक्षणे समजावून सांगितली, गावातील जाणत्या माणसांकडून माहिती घेतली आणि मृत्यूंच्या नोंदींशी ती ताडून पाहिली. एकच रुग्ण दोनदा मोजला जाऊ नये आणि कोणी सुटू नये, ही काळजी म्हणजेच गुणवत्ता हमी. म्हणूनच या तालुक्यांचे आकडे देशाच्या कर्करोग अहवालांत मानाने घेतले जातात.

उद्या एखाद्या गावात 'पाण्यामुळे कर्करोग वाढला' अशी आवई उठली तर दोन आकडे लागतील. रुग्ण किती आणि पाण्यात किरणोत्सर्गी घटक किती. पहिला आकडा परंड्याकडे आहे, तोही जवळपास चार दशकांचा. दुसऱ्या आकड्याला तशी शिस्त नसेल तर पहिल्याचाही उपयोग होणार नाही.

काय करायला हवे?

उपाय फार खर्चिक नाहीत. किरणोत्सर्ग किंवा युरेनियमचा कोणताही सरकारी आकडा जाहीर करताना त्यासोबत तीन गोष्टी द्याव्यात : अनिश्चितता, यंत्राची किमान सीमा आणि शेवटच्या अंशांकनाची तारीख. किती केंद्रे किती दिवस बंद होती, हे दरवर्षी सांगावे. काही नमुने दुबार घेऊन दुसऱ्या, स्वतंत्र प्रयोगशाळेकडे पाठवावेत. मराठवाडा विद्यापीठाचे उपपरिसर धाराशिवमध्ये आहे. अशा संस्थांतील विद्यार्थ्यांना नमुने घेण्याचे रीतसर प्रशिक्षण देता येईल. आणि हे सारे ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागावे.

'इतकी माहिती दिली तर लोक घाबरतील' हा आक्षेप नेहमी घेतला जातो. अनुभव उलटा आहे. लोक घाबरतात ते माहिती दडवली जात असल्याचा वास आला की. 'आकडा २८, चार इकडे-तिकडे, पुन्हा तपासणी पुढच्या महिन्यात' असे फलकावर लिहिले तर गाव ते समजून घेते. बाजारात मापात खोट निघाली तर तराजू मागून स्वतः वजन करून पाहणारी ही माणसे आहेत. किरणोत्सर्गाचा तराजू त्यांच्या हाती देता येणार नाही, पण त्यावरचा शिक्का त्यांना दाखवता येतो. तो दाखवणे हे सरकारचे काम आहे.