झाडपाल्याचे औषध म्हणजे निर्धोक?

‘डॉक्टर, औषध झाडपाल्याचे आहे, त्याने काय अपाय होणार?’ असे रुग्ण नेहमी विचारतात. याचे उत्तर चीनच्या अनुभवात सापडते.

वनस्पतींचे काढे पिण्याची चीनची परंपरा फार जुनी आहे. १९४१ साली, युद्धामुळे औषधांची टंचाई असताना, तेथे चायहू या तापावरील वनस्पतीचे इंजेक्शन तयार झाले. पुढे अशी अनेक इंजेक्शने निघाली. त्यांपैकी एक यूशिंगत्साओचे. ही मासळीसारख्या वासाची वनस्पती नैर्ऋत्य चीनमध्ये भाजी म्हणून खातात. आपल्या मेघालय, मणिपूरमध्येही खातात. पण तिच्या इंजेक्शनाने कित्येकांना धाप लागली, काही दगावले. २००६ साली चीन सरकारने त्याचा वापर थांबवला. २०१८ साली चायहूचे इंजेक्शन लहान मुलांना देण्यास मनाई झाली.

असे का व्हावे? खऱ्या ॲलर्जीत शरीराची त्या पदार्थाशी आधी ओळख झालेली असते. पहिल्या खेपेस प्रतिपिंडे तयार होतात आणि पुढच्या खेपेस त्रास उद्भवतो. मात्र सगळ्याच रिॲक्शन अशा नसतात. आपल्या त्वचेत मास्ट पेशी असतात, त्यांत हिस्टामिन साठवलेले असते. काही रसायने या पेशींना थेट डिवचतात आणि हिस्टामिन बाहेर पडते. अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात, क्वचित रक्तदाब कोसळतो. यास पूर्वओळख लागत नाही. पहिल्याच मात्रेला हे घडू शकते. चीनमध्ये संधिवातावर वापरले जाणारे सायनोमेनिन हे वेलीपासून मिळणारे द्रव्य असेच वागते. मास्ट पेशींवरील हे ‘कुलूप’, म्हणजे एमआरजीपीआरएक्स-२ नावाचा ग्राहक, अशा रिॲक्शनांना कारणीभूत असल्याचे २०१५ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी दाखवले. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी आपली नेहमीची ॲलोपॅथीची औषधेही तेच कुलूप उघडतात.

म्हणून हा वाद झाडपाला विरुद्ध ॲलोपॅथी असा नाहीच. द्रव्य कोणते, किती आणि कोणत्या वाटेने शरीरात गेले, यावर सारे अवलंबून असते. पोटातून हळूहळू शोषले जाणारे द्रव्य शिरेतून एकदम रक्तात गेले, तर परिणाम निराळा होतो. ‘गोळी नको, सुईच टोचा’ असा हट्ट धरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. माझे स्पष्ट मत असे की, ‘नैसर्गिक’ हा शब्द सुरक्षिततेचा दाखला मानू नये; प्रत्येक औषधाला कसोटी एकच असावी.

वाचकांनी एवढे जरूर करावे. काढा, चूर्ण, पुडी, जे काही घेत असाल ते डॉक्टरांना सांगावे, वेष्टन जपून ठेवावे. औषधानंतर अंगावर गांधी उठल्या तर ते थांबवून डॉक्टरांना दाखवावे. घसा आवळला, धाप लागली किंवा भोवळ आली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता तातडीने रुग्णालय गाठावे. अशा वेळी ॲड्रिनलिनचे इंजेक्शन वेळेवर मिळाले तर प्राण वाचतात.