धूळपाटीवरची पहिली अक्षरे

पूर्वी मुलाला अक्षरे शिकवताना धूळपाटी देत. चुकले की हात फिरवायचा, पुन्हा गिरवायचे. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने नवशिक्यांच्या सरावाच्या पानाला हेच नाव दिले, चर्चेच्या जागेला 'चावडी' म्हटले. नावे आपुलकीची आहेत. प्रश्न वागणुकीचा आहे.

समजा, साक्रीच्या एखाद्या विद्यार्थिनीने तालुक्यातल्या बळसाण्याच्या प्राचीन मंदिरांवर चार ओळी लिहिल्या. संदर्भ द्यावा लागतो, हे तिला ठाऊक नाही. जुन्या संपादकाने मजकूर उडवला, कारण सांगितले नाही. नियमाने तो बरोबर. पण पोरगी पुन्हा तिकडे फिरकेल का?

बँकेत आम्ही लेजरमधली चूक खोडून टाकत नसू. आडवी रेघ मारून बरोबर आकडा लिहायचा, सही करायची आणि नव्या कारकुनाला शेजारी बसवून दाखवायचे. विकिपीडियातही जुना मजकूर पानाच्या 'इतिहासा'त जपलेला असतोच. मग 'संदर्भ जोडा, आपण मिळून परत घालू' एवढे लिहायला काय जाते?

कारकुनाला निदान पगार बांधून ठेवत होता. इथे बांधून ठेवणारा फक्त जिव्हाळा. बळसाण्याविषयी साक्रीच्याच माणसाने लिहावे असे वाटत असेल, तर त्याच्या पहिल्या चुकीपाशी जाणत्याने दोन मिनिटे थांबलेच पाहिजे.