गाडीला उकडतं, आपल्याला हुडहुडी

माझ्या भाच्याने अमेरिकेत जुनी निसान 300 झेडएक्स घेतली, 1989 साली आलेल्या पिढीतली. एसी कितीही अंशांवर ठेवा, आत नुसता गारठा. तिथल्या गॅरेजवाल्याने अख्खं कंट्रोल युनिट बदलायला सांगितलं. खर्च अर्ध्या पगाराचा. बहिणीचा फोन आला, "दादा, तू बघ बाबा काहीतरी!"

म्हटलं, आधी गाडीलाच विचारू. या गाडीचा एसी स्वतःची तपासणी करतो आणि आकडा दाखवतो. 20 म्हणजे सगळं ठीक, 21 बाहेरचा सेन्सर, 22 आतला, 25 उन्हाचा. मात्र गाडी उन्हात हवी. सावलीत उन्हाचा चांगला सेन्सरही बिघडलेला दिसतो.

आकडा आला 20. म्हणजे वायर तुटलेली नाही, एवढंच. मग आतला सेन्सर काढून मीटर लावला. तो मुठीत धरला की ऊब लागून रेझिस्टन्स हळूहळू उतरला पाहिजे. उतरला. सेन्सर शाबूत!

राहिली हवा. या सेन्सरपाशी गाडीतली हवा एका नळीने ओढली जाते. पंखा चालू करून जाळीवर पातळ कागद धरला, तर तो चिकटायला हवा. खाली पडला. कुणीतरी रेडिओ बसवताना नळी निसटली होती. सेन्सर डॅशबोर्डमागची कोंडलेली गरम हवा मोजत होता आणि बिचारं मशीन थंडावा ओतत होतं. नळी बसवली, काम झालं. खर्च शून्य.

ताप आहे म्हणण्याआधी थर्मामीटर कुठे लावलाय ते बघावं. गाडी कुठलीही असो, मिस्त्रीला मराठीत विचारा नाहीतर कानडीत, पण महागडा भाग बदलण्यापूर्वी एवढं विचाराच: "मीटर लावून बघितलंत का?"