चिखल आपला, गाडी आपली, मग हयगय कोणाची?



लागण, खताच्या मात्रा, खोडव्याची निगा या विषयांवर आम्ही या पानावर नेहमीच लिहितो. आज मात्र उसावर नव्हे, उसाच्या फडापर्यंत जी आपल्याला रोज नेते त्या मोटरसायकलीवर लिहीत आहोत. ऊस विकास अधिकाऱ्याला गाडीतले काय कळते, असे कोणी विचारील. आम्ही मेकॅनिक नाही, हे कबूल. पण सिंदी (मेघे) येथून सकाळी निघायचे, सेलू आणि देवळी तालुक्यांतली शिवारे पालथी घालायची आणि दिवेलागणीला परतायचे, यात आमची वीस-बावीस वर्षे गेली. तेवढ्या अधिकाराने चार शब्द सांगतो.

गेल्या वर्षीची गोष्ट. आर्द्रा नक्षत्र लागले होते. एका सभासदाच्या सुरू उसाची मोठी बांधणी पावसाने लांबली होती, आणि बांधणीच्या खताची ट्रॉली आमच्याच सहीच्या चिठ्ठीवर त्या शेतात गेली होती. ट्रॉली खाली करून ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर चढला, तेव्हा चाकांना लागलेली काळी माती पन्नास-साठ पावले रस्त्यावर पसरत गेली. वरून झिमझिम चालूच. त्या संध्याकाळी आमच्या विभागातला एक तरुण सहायक आमची गाडी घेऊन परत येत होता, कारण त्याची स्वतःची गाडी दुरुस्तीला होती. त्या चिखलावर त्याने ब्रेक दाबला, मागचे चाक सरकले आणि पोरगा गाडीखाली आला. डोक्यावर हेल्मेट होते म्हणून पायावर निभावले. पाय दोन ठिकाणी मोडला. पोळा आणि दसरा दोन्ही त्याने खाटेवरूनच पाहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी पाहिली. मागच्या टायरच्या खाचा बोटाला लागत नव्हत्या. ते टायर बदलले पाहिजे हे आम्हाला मार्चपासून ठाऊक होते. आधी ‘गाळप संपू द्या’ म्हणालो, मग ‘पहिला पाऊस पडू द्या’ म्हणालो. हिशेब असा झाला : टायर आमचे, चिखल आमच्या सभासदाचा, खताची चिठ्ठी आमच्या सहीची, आणि पाय मात्र त्या पोराचा. हा लेख लिहिण्याचे कारण एवढेच.

आता आपल्या कारखान्याकडे पहा. गाळप बंद झाले की मिलचे रोलर उघडतात, बॉयलरच्या नळ्या साफ होतात, पंप, टर्बाइन, कॅरिअरच्या चेन सगळे खोलून तपासले जाते. त्या खर्चावर वार्षिक सभेत सभासद प्रश्न विचारतात, विचारलेच पाहिजेत. पण ‘ओव्हरहॉलिंग करूच नका’ असे आजवर एकही सभासद म्हणालेला नाही. ऐन भरात मिल बंद पडली तर तोडलेला ऊस गाडीवर वाळतो, हे प्रत्येकाला माहीत आहे. कारखान्याला लावतो तो न्याय आपण घरच्या गाडीला लावत नाही. तिथे ऐकू येते ते असे : “भाऊ, चार महिने चिखलातच घालाची आहे, तं आताच धुवून काय करता? दिवाळीले एकदाच धुऊ.” आमचे स्पष्ट मत आहे की गाडीचे ओव्हरहॉलिंग दिवाळीला नव्हे, मृगाआधी झाले पाहिजे. पाऊस हाच गाडीचा खरा हंगाम.

आपली माती हा यातला पहिला मुद्दा. वर्ध्याच्या भारी काळ्या जमिनीत चिकणमातीचा अंश मोठा. ही माती पाणी पिऊन फुगते आणि लोखंडाला चिकटून बसते. म्हणूनच ती ओल धरते आणि उसाला मानवते. पण तोच गुण गाडीला भोवतो. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती ठासून बसते, चाक फिरेनासे होते, आणि आपण पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धवट दाबून इंजिन ओरडवत राहतो. यात क्लचच्या प्लेटा जळतात. अशा वेळी उतरावे, काडीने माती काढावी आणि मगच पुढे जावे. एक खुरपी साडीगार्डला बांधून ठेवली तर मेकॅनिकचे निम्मे बिल वाचेल. पांदणीचा रस्ता फारच बिघडला असेल तर गाडी डांबरीवर लावून पायी जाणे यात कमीपणा नाही.

दुसरा मुद्दा टायर आणि ब्रेकचा. टायरच्या खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की तो संपला, मग तो उन्हाळ्यात कितीही बरा चालत असो. ड्रमब्रेकमध्ये पाणी शिरले की लायनर धरत नाही. नाल्यातून गाडी काढल्यावर थोडे अंतर हळू चालवून ब्रेक हलके हलके तीन-चार वेळा दाबावा, म्हणजे लायनर सुकतो. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना निदान दोन्ही चाके एकदम धरणारा जोडब्रेक सक्तीचा झाला. चांगले झाले. पण गुळगुळीत टायरपुढे कोणताही ब्रेक हतबल आहे, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

तिसरा मुद्दा चेनचा. पावसात चेनचे तेल धुऊन जाते, आणि चिखलातली बारीक रेती दात खाते. आठवड्यातून एकदा रॉकेल किंवा डिझेल लावलेल्या ब्रशाने चेन साफ करावी, पुसावी आणि ९० नंबरचे गिअर ऑइल द्यावे. चेनचा ढील गाडीच्या पुस्तिकेत दिला असेल तेवढाच ठेवावा. हे काम इंजिन बंद करून, चाक हाताने फिरवूनच करावे. इंजिन चालू ठेवून चेनला फडके लावताना बोट गमावलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. काही जण पावसाळ्याआधी जुने काळे तेल सगळ्या गाडीला फासतात. गंज थांबतो खरा, पण तेच तेल ओघळून टायरवर आणि ब्रेकच्या ड्रमवर आले तर गंजापेक्षा महागात पडते. धुताना जोराच्या फवाऱ्याचे पाणी चाकाच्या आसावर किंवा वायरिंगवर मारू नये, बेअरिंगमधले ग्रीस निघून जाते.

चौथा मुद्दा खास आपल्या सभासदांचा. आपण युरियाची, पोटॅशची गोणी गाडीवर आणतो. गोणी ओली होते, खताचे पाणी सायलेन्सरवर आणि चेनवर टपकते. आपण वापरतो ते पोटॅश बहुधा क्लोराइडच्या रूपात असते, म्हणजे लोखंडाच्या बाबतीत ते मिठासारखेच वागते. खत आणले की त्याच दिवशी दोन बादल्या साध्या पाण्याने गाडी धुवावी. रात्री गाडी गोठ्यात बैलाशेजारी लावण्याची पद्धतही सोडावी. मुताची वाफ आणि ओल लोखंड खाते, उंदीर वायरी कुरतडतात. ओल्या गाडीवर प्लॅस्टिक गुंडाळले तर आत वाफ कोंडते. वर छप्पर आणि बाजूने वारा, एवढेच तिला हवे असते.

पाचवा मुद्दा टाकीचा, आणि इथे ऊसवाल्याने विशेष लक्ष द्यावे. साखर आणि दुचाकी यांचे नाते वर्ध्याला नवे नाही. जमनालाल बजाजांनी १९३१ मध्ये उत्तर प्रदेशात गोला गोकर्णनाथ येथे साखर कारखाना काढला, आणि १९४५ मध्ये त्यांच्याच घराण्याने काढलेली कंपनी पुढे बजाज ऑटो झाली. आता तर आपला ऊस थेट गाडीच्या टाकीत शिरला आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे जे प्रयोग २००१ मध्ये झाले त्यांत आपल्या राज्यातली मिरज आणि मनमाड ही ठिकाणे होती. २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले, २०२२ मध्ये देश १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचला. त्यात मक्याचा वाटा आहे तसा उसाचाही आहे. दारूबंदीच्या आपल्या जिल्ह्यात गाड्या मात्र अल्कोहोल पिऊन धावतात, असा विनोद आमच्या कार्यालयात चालतो.

हा आपला माल आहे, त्याच्या विरोधात आम्ही बोलणार नाही. पण आपल्या मालाचा स्वभाव आपणच ओळखायला हवा. इथेनॉल पाण्याला धरते. थोडे पाणी ते पोटात सामावून घेते, मर्यादा ओलांडली की पाण्यासकट पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. मग गाडी झटके देते, आणि दोष पंपवाल्याला जातो. पुष्कळदा पाणी टाकीच्या झाकणातूनच शिरलेले असते. झाकणाचा रबरी वॉशर फुटला असेल तर मृगाआधी बदला. गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहणार असेल तर टाकी तळाला ठेवू नका. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे भाग २० टक्के मिश्रणाला टिकतील असे असतात. त्याआधीची गाडी असेल तर पेट्रोलची नळी आणि वॉशर एकदा मेकॅनिकला दाखवावे.

नाल्याच्या पुराबद्दल एकच सांगतो. पाणी वाहत असेल आणि खालचा रस्ता दिसत नसेल तर गाडी घालू नये. गाडी पाण्यात बंद पडलीच तर तिथेच किक मारू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलत बाहेर आणावी आणि मेकॅनिककडे द्यावी. इंजिन ऑइल चहासारखे दुधाळ दिसले तर ते बदलल्याशिवाय गाडी चालू करू नये.

गाडीचे इथवर झाले. आता ट्रॅक्टरवाल्या सभासदांना हात जोडून विनंती आहे. शेतातून रस्त्यावर चढण्याआधी पाच मिनिटे थांबा, फावड्याने चाकांची माती उतरवा. रस्त्यावर पडलीच तर ओढून बाजूला करा. ‘पावसाने धुऊन जाईल’ असे आपण म्हणतो, पण धुऊन जाण्याआधी तिच्यावरून कोणाचा मुलगा शाळेतून येतो, कोणाची सून पाठीमागे लेकरू घेऊन बसलेली असते. आपल्या कडेचा रस्ता ही आपल्याच बांधाची पलीकडली बाजू समजावी. आमच्याकडून एवढे वचन देतो : यंदापासून खताची चिठ्ठी देताना ट्रॉलीबरोबर फावडे आहे की नाही, हे आम्ही विचारणार. कोणाला राग आला तरी विचारणार.

पोळ्याला आपण बैलाची खांदेमळणी करतो, त्याला धुतो, सजवतो, त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी लेकरे लाकडी नंदी घेऊन तान्हा पोळा करतात. आपल्याच जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे)चा तान्हा पोळा तर पाहण्यासारखा असतो. जो आपले ओझे वाहतो त्याची काळजी घ्यावी, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. आज बैलाचे पुष्कळसे ओझे गाडीने घेतले आहे. फरक इतकाच की बैल दुखले तर लंगडून सांगतो, गाडी सांगत नाही.

तो पोरगा आता कामावर परत आला आहे. थोडा लंगडतो. आमच्या गाडीला नवे टायर त्याच आठवड्यात बसवले, पण ते तीन महिने आधी बसवायचे होते. आपल्यापैकी कोणाच्या घरी असे ‘आधी’ राहिले असेल, तर मृगाची वाट न पाहता ते या आठवड्यातच करून टाकावे, एवढीच विनंती.